वानवळा आणि सावड

खेड्यातील सुखाची गोष्ट निघाली म्हणजे बहुतेक लेखक मोकळी हवा, टिपूर चांदणे आणि पाखरांचा किलबिलाट यांचे वर्णन करू लागतात. ही सुखे खरी आहेत. परंतु ती निर्जन रानातही मिळतात, आणि रानाला कोणी खेडे म्हणत नाही. चार घरे एकमेकांच्या आधाराने उभी राहिली म्हणजे खेडे होते. म्हणून ग्रामजीवनाचे सुख कशात आहे हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल, त्याने प्रथम शेजाऱ्याकडे पाहावे. आमच्याकडील शेजारधर्म कोणत्या रीतींनी चालत असे, त्या रीती कशातून उपजल्या आणि त्यांचे पुढे काय व्हावयाचे, याचा थोडा विचार येथे करू.

विचारासाठी चऱ्होली गाव घेऊ. लोणावळ्याच्या बाजूस उगम पावणारी इंद्रायणी देहू व आळंदी या दोन क्षेत्रांना स्पर्श करून खाली येते, ती या गावापाशी. नदीच्या दक्षिणतीरी चऱ्होली बुद्रुक व उत्तरतीरी चऱ्होली खुर्द, अशी एकाच नावाची दोन गावे समोरासमोर वसली आहेत. टेकडीवर वाघेश्वराचे देऊळ आहे. पुढे तुळापुरास इंद्रायणी भीमेला मिळते. या पट्ट्यात पावसाळ्यात बाजरी आणि हिवाळ्यात ज्वारी, गहू, हरभरा पिकवावा, हा शेतकऱ्याचा पिढ्यान् पिढ्यांचा क्रम.

अशा गावातील पहिली रीत वानवळ्याची. शेतात नवे पीक हाती आले, की त्यातील थोडा भाग घरी ठेवण्यापूर्वी किंवा बाजारास नेण्यापूर्वी शेजारीपाजारी व सोयऱ्याधायऱ्यांकडे धाडावयाचा, त्यास वानवळा म्हणतात. चार कणसे, पदरभर शेंगा, हरभऱ्याच्या डहाळ्याची एक जुडी, वस्तू लहानच. वानवळ्याचे मोल कोणी करीत नाही. मात्र ज्या भांड्यातून शेजारणीने काही पाठविले, ते रिकामे परत धाडू नये, निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालावी, असा घरोघरी दंडक असे. एका घरची वाटी दुसऱ्या घरी जाई आणि भरून परत येई. हिशेब लिहिला जात नसे. तथापि वाटीची ये-जा कधी थांबत नसे.

ही उदारता केवळ अंतःकरणाच्या थोरपणातून आली, असे म्हणणे पुरे नाही. हुरड्याचेच पाहा. पौषाच्या सुमारास ज्वारीचे कणीस भरते, तेव्हा दाणा कोवळा व गोड असतो, कारण त्यातील साखरेचे पिठात रूपांतर अद्याप पुरते झालेले नसते. हे दिवस थोडे. आज न खाल्लेला कोवळा दाणा पुढे कठीण होतो. शेतात आगटी पेटवावी, कणसे निखाऱ्यात भाजावी, तळहातावर चोळून ऊन ऊन दाणे चटणीबरोबर खावे, यातच त्याचे सुख. एकट्या घराने खाऊन शेत संपत नाही. म्हणून शेजाऱ्याला हाक घालावी लागते. गाय व्याल्यावर पहिल्या दिवसांत येणारा चीकही तसाच. तो साठवून ठेवता येत नाही, म्हणून त्याचा खरवस करून आळीभर वाटतात. जे साठत नाही ते वाटावे, हा पाठ सृष्टीनेच शेतकऱ्याला घालून दिला. वाटता वाटता त्याला असे आढळले, की एकट्याने खाल्लेल्या हुरड्यापेक्षा दहाजणांत खाल्लेला अधिक गोड लागतो.

दुसरी रीत सावडीची. तिचे कारण समजण्यासाठी थोडे आकडे पाहू. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी चऱ्होलीपासून फार दूर नसलेल्या पिंपळे सौदागर या गावाची बारकाईने पाहणी केली व ती 1917 साली प्रसिद्ध केली. तिच्यात असे दिसून आले, की 1771 साली त्या गावातील एका धारणेचे क्षेत्र सरासरी 40 एकर होते, ते 1915 च्या सुमारास 7 एकरांवर आले होते. वाटण्या होत होत शेत तुकड्यातुकड्यांनी विखुरले होते. आता, काळ्या कठीण जमिनीत खोल चालणारा जड नांगर ओढावयास बैलांच्या दोन, तीन, प्रसंगी चार जोड्या लागत. सहा-सात एकरांच्या धन्याने इतके बैल कशाच्या बळावर पोसावे? तेव्हा दोघेतिघे शेतकरी आपापले बैल एकत्र जुंपीत व पाळीपाळीने प्रत्येकाचे शेत नांगरून काढीत. हीच सावड. बैलांप्रमाणे माणसांचीही फेड होई. आज मी तुझ्या खुरपणीस आलो, उद्या तू माझ्या काढणीस ये. यास वारंगुळा म्हणत.

याहून एक पायरी वर इर्जिक. एखाद्याचा बैल ऐन पेरणीच्या तोंडावर मेला, किंवा एखाद्या विधवेच्या घरी नांगर धरावयास माणूस उरला नाही, तर गावकरी आपापली अवजारे घेऊन एका दिवसात तिचे शेत तयार करून देत. मजुरी नाही, सायंकाळी सर्वांनी पंगतीस बसावे, एवढेच. सावडीत परतफेड ठरलेली असते, इर्जिकीत ती काळावर सोडलेली असते.

येथे एक गोष्ट लपविता कामा नये. हा शेजारधर्म सर्वांपर्यंत पोहोचत नव्हता. जवळच्या आळंदीची कथा प्रसिद्धच आहे. संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेल्या भावंडांसाठी मुक्ताबाई मांडे भाजावयास निघाली, तेव्हा विसोबाने कुंभारांना खापर देण्यास मना केले, आणि ज्ञानदेवांनी आपली पाठ तापवून तिच्यावर मांडे भाजू दिले, असे परंपरा सांगते. कथेतील चमत्कार बाजूस ठेवला तरी त्यातले दुःख खरे आहे. शेजाऱ्याने साधे खापर नाकारावे, याहून मोठा एकाकीपणा खेड्यात नाही. अस्पृश्य मानलेल्या कुटुंबांच्या वाट्यास तर हा नकार शतकानुशतके आला. वेशीच्या आत वानवळा फिरत होता आणि वेशीबाहेरच्या माणसाला विहिरीचे पाणी मिळत नव्हते. 1868 साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद सर्वांना खुला केला, आणि 1927 साली डॉ. आंबेडकरांनी महाडास चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले, तेव्हा ‘शेजारी कोण?’ हाच प्रश्न ते समाजास विचारीत होते. जुन्या रीतींचे कौतुक करताना हा प्रश्न विसरला, तर कौतुक पोकळ ठरेल.

आता काळ पालटला आहे. 1954 साली पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला, मागोमाग इतर कारखाने आले, आणि 1997 साली चऱ्होली बुद्रुक पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. तो भाड्याने मिळतो, त्याला सावड लागत नाही. शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. यात शोक करण्यासारखे सर्वच नाही. कर्ज काढून बैल पोसणारा आणि पावसाकडे डोळे लावून बसणारा शेतकरी सुखी होता, असे सांगणे खोटेपणाचे होईल.

परंतु एक भेद विद्यार्थ्यांनी नीट ध्यानी धरावा. पूर्वी कृपणालाही शेजारधर्म पाळावा लागे, कारण शेजाऱ्याच्या बैलावाचून त्याचे शेत पडीक राहिले असते. ती गरज आता उरली नाही. पैसे मोजले की काम होते आणि दार लावून घेतले की शेजारी दिसत नाही. आजवर गरजेने राखलेला धर्म यापुढे इच्छेने राखावा लागेल. ते अधिक कठीण आहे. पण इच्छेने राखलेल्या धर्माला वेशीचे बंधनही उरत नाही, हा त्यातील मोठा लाभ. ज्याची जात, गाव व भाषा आपल्याला ठाऊक नाही, तोही आज भिंतीपलीकडे राहतो आणि आपला शेजारी ठरतो.

त्याची सुरुवात मोठ्या दानाने करावी लागत नाही. घरी काही नवे केले तर एक वाटी शेजारी न्यावी. आजारी सोबत्याचा बुडालेला अभ्यास त्याच्या घरी बसून पुरा करून द्यावा. जिन्यात भेटणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या हातची पिशवी आपण घ्यावी. पालकांनीही मुलांच्या हाती अशी वाटी द्यावी व पलीकडचे दार दाखवावे. आणि पलीकडून आपल्याकडे वाटी आली, तर ती रिकामी परत जाऊ नये, एवढे पाहावे.