कुरकुरीत कातडीमागचा मद्रासचा शोध

तळेगाव (श्यामजी पंत) येथील एका वाचकाने विचारले आहे: डुकराच्या पोटाचा चरबीदार तुकडा चिनी पद्धतीने मसाला लावून घरच्या ओव्हनमध्ये भाजला. आतले मांस मऊसूत झाले, पण वरची कातडी वातड राहिली, दातांनी तुटेना. काय चुकले?

एकाच तुकड्याकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो. मांसाला हवी मंद आच आणि ओलावा. कातडी फुलायला हवा कोरडेपणा आणि भडक आच. या दोन्हींच्या मुळाशी एकच पदार्थ आहे, कोलॅजेन. आणि कोलॅजेनची योग्य रचना पहिल्यांदा मांडली गेली ती भारतात.

१९५२ साली गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले, तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आसपास होते. कोलॅजेनचे कोडे अजून सुटलेले नाही, हे त्यांच्या कानावर घातले भेटीला आलेले स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी. विद्यापीठाच्या शेजारीच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. तिथून नमुने मिळाले, त्यात कांगारूच्या शेपटीतली कंडराही होती! त्यांची क्ष-किरण चित्रे घेऊन रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांनी १९५४ साली ‘नेचर’मध्ये मांडले, की कोलॅजेनमध्ये तीन साखळ्या असतात. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले, की या तिन्ही साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेतात. पिळाच्या मधोमध जागा इतकी कमी, की दर तिसऱ्या स्थानी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्लच बसू शकते. त्याच वर्षी केंब्रिजहून अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी त्यात दुरुस्ती सुचवली. हायड्रोजन बंधांच्या तपशिलात पुढे त्यांचेच बरोबर ठरले, पण तीन साखळ्यांच्या एकत्र पिळाची मूळ कल्पना मद्रासचीच. रामचंद्रन २००१ साली गेले. नोबेल त्यांना मिळाले नाही, आणि आपल्या शालेय पुस्तकांतही ते फारसे भेटत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता हा पीळ उष्णतेने सुटतो. साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियसपासून तो ढिला पडू लागतो आणि पाणी असेल, तर हळूहळू कोलॅजेनचे जिलेटिन होते. मांस मऊ पडते ते यामुळे. कातडीतही हेच घडते, पण तिथे जिलेटिन पाणी धरून बसते आणि कातडी चिवट राहते.

इथे कुरडई आठवा. गव्हाचा चीक आपण आधी पाण्यात शिजवतो, सोऱ्यातून पाडतो, कडक उन्हात वाळवतो आणि मगच कडकडीत तेलात सोडतो. वाळलेल्या कुरडईतही किंचित ओलावा उरलेला असतो. तेलात पडताच तिचा कडक साचा क्षणभर मऊ होतो, त्या ओलाव्याची वाफ होऊन (वाफेचे आकारमान पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक!) ती फुलते आणि वाफ निघून जाताच त्याच रूपात ताठ होते. अर्धवट वाळलेली कुरडई फुलत नाही. न शिजवता नुसते पीठ वाळवले, तरी ते फुलणार नाही. डुकराच्या कातडीचा क्रम नेमका हाच आहे. आधी कातडीची बाजू उकळत्या पाण्यात दहा-बारा मिनिटे धरा. पुसून तिला बारीक टोकाने जवळजवळ भोके पाडा, म्हणजे चरबी आणि वाफ बाहेर पडेल. मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये उघडीच ठेवा. मीठ पाणी ओढून घेते आणि फ्रिजची कोरडी हवा ते उडवून नेते. सुटलेले पाणी पुसून १६० अंशांवर दीड तास भाजा. तुकड्याचा गाभा ७१ अंशांच्या वर गेलाच पाहिजे, कारण डुकराच्या मांसात पट्टकृमीच्या अळ्या असू शकतात. शेवटी १५-२० मिनिटे २३० अंश. फुगे उठताना काचेतून दिसतात.

जाता जाता, ‘त्वचा तरुण ठेवणारी’ म्हणून महागड्या डब्यांतून विकली जाणारी कोलॅजेन पूड. खाल्लेले कोलॅजेन आतड्यात अमिनो आम्ले आणि छोटे तुकडे होऊन शोषले जाते. रामचंद्रनांचा तो पीळ जसाच्या तसा गालापर्यंत पोहोचत नाही. जाहिरातींनी एवढे तरी सांगावे.

उरला मसाला. चिनी पाच मसाल्यांपैकी चक्रफूल, दालचिनी, लवंग, बडीशेप आपल्या घरात असतातच. चक्रफूल आणि बडीशेप यांचा गोडसर वास एकाच रेणूचा, अ‍ॅनेथोलचा. पाचवी ती जीभ झिणझिणवणारी सिचुआन मिरी. तिच्यातल्या सॅन्शूलने ओठांवर सेकंदाला सुमारे ५० कंपने जाणवतात, असे लंडनच्या संशोधकांनी २०१३ साली मोजले. तिचे सख्खे भावंड म्हणजे कोकणात बांगड्याच्या आमटीत पडणारे तिरफळ. दोन्ही झाडे संत्र्याच्याच कुळातली. चिनी स्वयंपाकात संत्रावर्गीय फळाची वाळवलेली सालही मुरलेली आहे, आणि ते फळ व नागपुरी संत्रा यांची प्रजाती एकच. संत्र्यांच्या मुलखातल्या तळेगावच्या वाचकाला ती साल विकत आणावी लागणार नाही. आतला पांढरा भाग खरवडून ती वाळवा, सिचुआन मिरीऐवजी घेतलेल्या तिरफळाची बी काढून टाका आणि सगळे एकत्र कुटून मांसाच्या बाजूला चोळा. कातडीला मात्र मिठाखेरीज काही लावू नका. २३० अंशांवर मसाला करपून कडू होतो.