ताणावर सोडलेला निवडुंग

पांढुर्णा-सौंसरच्या संत्रा बागायतदारास ‘ताण’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आंबिया बहार धरावयाचा असेल तर तो डिसेंबरच्या सुमारास बागेचे पाणी तोडतो. झाडे काही दिवस ताणावर राहतात आणि पुन्हा पाणी मिळताच फुलांनी लगडतात. कुंडीतल्या निवडुंगालाही हेच सूत्र लागू पडते, हे उमजेपर्यंत मात्र माझी सात-आठ रोपे दगावली.

ती उन्हाने मेली नाहीत. माझ्या मायेने मेली. दवाखान्यातून परतल्यावर रोज तांब्याभर पाणी घालण्याचा माझा नेम होता. पावसाळ्यात बुंधा मऊ पडे आणि हात लावताच रोप उन्मळून येई.

निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला. बाष्प वाया जाऊ नये म्हणून तो आपली रंध्रे रात्री उघडतो, कार्बन डायऑक्साइड आम्लरूपाने साठवतो आणि दिवसा उन्हात त्याचे अन्न बनवतो. इतक्या काटकसरी वनस्पतीला रोजचे पाणी म्हणजे अजीर्णच!

आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून ती टाळावी. मुरमाड माती एक वाटा, जुने पानखत एक वाटा आणि धुतलेली जाड वाळू दोन वाटे घ्यावी. कुंडी मातीचीच असावी. उन्हाळ्यात माती पूर्ण वाळल्यावरच पाणी द्यावे आणि दुपारी हिरव्या जाळीची सावली करावी. जून ते सप्टेंबर कुंडी पावसापासून आडोशाला, पण उजेडात ठेवावी. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर पाणी जवळजवळ बंद करावे. रोप किंचित आकसते, घाबरू नये. फेब्रुवारीत बेताने पाणी सुरू करावे.

रोपाची ओळखही पक्की हवी. कुंपणावरचा त्रिधारी निवडुंग हा खरा कॅक्टस नव्हे; तो एरंडाच्या कुळातला. खऱ्या कॅक्टसच्या काट्यांच्या तळाशी लोकरीसारखी बारीक गादी असते. त्रिधारीचा चीक डोळ्यात गेल्यास पारपटलाला इजा होते. डोळा तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा आणि विनाविलंब नेत्रतज्ज्ञ गाठावा.

रुग्णाला तपासून, ‘औषधाची गरज नाही’ असे सांगून परत पाठवणे आपणा डॉक्टरांना किती जड जाते, हे आपण जाणतोच. हातातला तांब्या खाली ठेवणे मलाही तितकेच जड गेले. पहिल्यांदा संपूर्ण हिवाळा मी मन आवरले, त्या वर्षी मॅमिलेरियाच्या माथ्याभोवती गुलाबी फुलांचे कडे उमटले. पुढे एकिनॉप्सिसचे लांब नळीचे पांढरे फूल एका संध्याकाळी उमलले आणि दुसऱ्या दिवशी मिटले. त्या रात्री घरातले कोणीही लवकर झोपले नाही.