सबवूफरचा बॉक्स: १२ लिटर हवा गेली कुठे?

कारमध्ये सबवूफर बसवायचा म्हटलं की आपण सगळे आधी स्पीकर बघतो. किती इंच, किती वॅट, कोणता ब्रँड. बॉक्सचा विचार सगळ्यात शेवटी. मीही तेच केलं. १० इंची सबवूफर निवडण्यासाठी तीन आठवडे रिव्ह्यू पाहिले आणि बॉक्सची मापं दहा मिनिटांत वहीच्या पानावर लिहून सुताराला दिली.

"दादा, माप आतलं का बाहेरचं?" त्याने विचारलं.

"बाहेरचं," मी म्हणालो. डिकीत बसायला हवं ना!

बॉक्स सुंदर झाला, डिकीतही बरोबर बसला. गाडी बाबांची, छोटी हॅचबॅक. पहिलं गाणं लावलं तेव्हा नंबर प्लेट थरथरली आणि मी खूश झालो. दोन दिवसांत लक्षात आलं की गाणं कोणतंही असो, बास एकच ऐकू येतोय. ढोल असो, बास गिटार असो, सगळ्यांचं तेच 'धुम्म'. आणि एका गाण्यात सूर फार खाली गेला तेव्हा सबवूफरमधून टक् टक् असा आवाज आला. तो आवाज म्हणजे कॉइल मागच्या लोखंडी प्लेटवर आपटत होती. आणखी आठवडाभर तसंच वाजवलं असतं तर स्पीकर गेलाच असता.

बॉक्स लागतोच कशाला?

सबवूफर बॉक्सशिवाय नुसता टेबलावर ठेवून वाजवा, बास येणारच नाही. कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साधारण साडेआठ मीटर लांब असते. एवढ्या लांब लाटेला १० इंची कोनला वळसा घालून मागे जाणं म्हणजे काहीच नाही. पुढची आणि मागची लाट एकमेकींना खाऊन टाकतात. बॉक्स मागची लाट अडवतो.

पण तेवढंच नाही. आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. सायकलचा पंप टोकाला बोट लावून दाबून बघा, हात मागे ढकलला जातो. बॉक्स लहान असेल तर हा स्प्रिंग कडक, मोठा असेल तर मऊ. म्हणजे तुम्ही दुकानातून आणता तो अर्धाच सबवूफर. उरलेला अर्धा सुतार बनवतो.

बॉक्सचे मुख्य प्रकार दोन. पूर्ण बंद तो सील्ड, आणि ज्याला पाइप किंवा फट असते तो पोर्टेड. पोर्टेड बॉक्स रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखं काम करतो. पाइपमधली हवा म्हणजे वजन, बॉक्समधली हवा म्हणजे स्प्रिंग, आणि दोघं मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला जोरात घुमतात. तिला ट्यूनिंग म्हणतात. त्या फ्रिक्वेन्सीच्या आसपास तेवढ्याच वॅटमध्ये जास्त आवाज मिळतो, म्हणून सगळ्यांना पोर्टेडच हवा असतो. मलाही हवा होता.

आता त्याची वाईट बाजू. ट्यूनिंगच्या खाली गेलात की हवा पाइपमधून नुसती आत-बाहेर करते. स्प्रिंग नाहीसा होतो आणि कोन मोकाट सुटतो. यासाठी अँप्लिफायरवर सबसॉनिक फिल्टर असतो, तो ट्यूनिंगच्या थोडा खाली सेट करायचा. माझं ट्यूनिंग ३५ हर्ट्झ ठरलं होतं, म्हणून मी फिल्टर ३० वर ठेवला होता. मग टक् टक् का?

फोनने चोर पकडला

इथे फोन कामी आला. टोन जनरेटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या, फोन गाडीच्या स्टिरिओला जोडा, आवाज अगदी कमी ठेवा. ६० हर्ट्झपासून एक एक हर्ट्झ खाली या. कोनवर पांढऱ्या कागदी टेपचा छोटा तुकडा चिकटवला तर हालचाल नीट दिसते. पोर्टेड बॉक्समध्ये ट्यूनिंगच्या फ्रिक्वेन्सीला एक गंमत होते: कोन जवळजवळ थांबतो आणि पाइपसमोर धरलेल्या हाताला वारा मात्र सगळ्यात जास्त लागतो. माझा कोन थांबला ४४ हर्ट्झला. ३५ ला नाही.

म्हणजे ३० ते ४४ च्या मधला सगळा पट्टा कोन मोकाट होता आणि माझा फिल्टर निवांत बसला होता.

मग कॅल्क्युलेटर काढला. बाहेरून बॉक्स ४० × ३५ × ३० सेमी. गुणाकाराला १००० ने भागलं की लिटर, म्हणजे बरोबर ४२ लिटर, माझ्या हिशोबाप्रमाणे. पण एमडीएफ १८ मिमी जाड. प्रत्येक दिशेला दोन भिंती, म्हणजे प्रत्येक मापातून ३.६ सेमी वजा. आतून राहिले ३६.४ × ३१.४ × २६.४ सेमी, म्हणजे ३०.२ लिटर. जवळजवळ १२ लिटर लाकडाने खाल्ले! त्यात सबवूफरचं मॅग्नेट आणि फ्रेम साधारण २ लिटर जागा घेतात (हा आकडा स्पीकरच्या माहितीपत्रकात असतो), आणि पाइप स्वतः १ लिटर. हातात उरले २७.

मी ३५ हर्ट्झसाठी ४२ लिटर धरून आतून साडेसात सेमी व्यासाचा, २० सेमी लांबीचा पाइप काढला होता. पाइप तोच ठेवून हवा कमी केली की ट्यूनिंग वर जातं, वर्गमूळाच्या प्रमाणात. ४२ भागिले २७, त्याचं वर्गमूळ सुमारे १.२५. ३५ गुणिले १.२५ म्हणजे ४४. फोनने सांगितलं तेच. कॉलेजमध्ये हेल्महोल्ट्झ रेझोनेटर पाच मार्कांसाठी पाठ केला होता, तो असा डिकीत भेटेल असं वाटलं नव्हतं.

खरोखर ४२ लिटर हवे असतील तर आतून ४५ लागतात, आणि त्यासाठी बाहेरून साधारण ४७ × ३७ × ३४.६ सेमी, म्हणजे ६० लिटर. सुताराच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर 'आतलं' होतं.

एक भोक बुजवलं आणि...

नवीन बॉक्स करायचा तर पुन्हा खर्च, आणि बाबांची अर्धी डिकी गेली असती. तेव्हा मी स्पीकरचं माहितीपत्रक पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात तीन आकडे महत्त्वाचे. एफएस म्हणजे स्पीकर मोकळ्या हवेत ज्या फ्रिक्वेन्सीला आपोआप डोलतो ती. क्यूटीएस म्हणजे ते डोलणं किती लवकर शांत होतं. आणि व्हीएएस म्हणजे स्पीकरच्या कोनाला धरणाऱ्या सस्पेन्शनइतकीच लवचीक असणारी हवा किती लिटर. हे गणित नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात पुढे नेलं. आज प्रत्येक चांगल्या सबवूफरवर हे आकडे असतात. नसतील, तर तो स्पीकर घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत.

माझे आकडे: एफएस ३२ हर्ट्झ, क्यूटीएस ०.५, व्हीएएस ३० लिटर. सील्ड बॉक्सचं सूत्र सोपं आहे. व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागा, १ मिळवा, वर्गमूळ काढा, त्याला क्यूटीएसने गुणा. उत्तर ०.७ च्या आसपास आलं की बास सपाट आणि स्वच्छ. १ च्या वर गेलं की घुमट.

पाइप काढून टाकला तर माझ्या बॉक्समध्ये २८.२ लिटर हवा राहणार होती. ३० भागिले २८.२ म्हणजे १.०६, अधिक १, वर्गमूळ १.४४, गुणिले ०.५. उत्तर ०.७२! पोर्टेड म्हणून चुकलेला बॉक्स सील्ड म्हणून जवळजवळ अचूक होता. एमडीएफची गोल चकती, फेव्हिकॉल, सहा स्क्रू आणि कडेने सिलिकॉन. नंबर प्लेट आता पूर्वीइतकी थरथरत नाही, पण ढोल ढोलासारखा वाजतो आणि गिटार गिटारसारखी.

सील्डला आणखी एक फायदा कारमध्येच मिळतो. साधारण ६० हर्ट्झच्या खाली केबिन इतकी लहान पडते की ती स्वतःच बास वाढवते. सील्ड बॉक्सचा बास खाली जसा उतरत जातो तसा केबिन तो बराचसा भरून काढते. काचा मात्र बंद हव्यात. शिवाय सील्ड बॉक्स दोन-तीन लिटरची चूक पोटात घालतो. म्हणून पहिला बॉक्स करत असाल तर सील्डच करा.

बनवताना मला जे नडलं तेवढंच सांगतो. एमडीएफच्या कडेत सरळ स्क्रू घातला तर तो फाटतो, आधी बारीक भोक पाडा. त्याची धूळ छातीत जाते, मास्क घाला. एमडीएफ ओलीने फुगतो, त्यामुळे कोकणात राहत असाल किंवा पावसाळ्यात डिकी ओली होत असेल तर वॉटरप्रूफ प्लाय घ्या. आतल्या सगळ्या सांध्यांवर सिलिकॉन फिरवा आणि ते एक दिवस पूर्ण वाळू द्या, मगच स्पीकर बसवा. मग कोन हलक्या हाताने, सगळ्या बाजूंनी सारखा आत दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर बॉक्स हवाबंद. झटकन आला तर कुठेतरी गळती आहे.

बॅटरीपासून अँप्लिफायरला जाणाऱ्या वायरवर बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. तो अँप्लिफायरसाठी नसतो. पत्र्याला घासून वायर सोलली गेली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. आणि रिकामा बॉक्सच ९ किलोच्या आसपास भरतो, त्यात मॅग्नेट. तो पट्ट्याने डिकीच्या हुकांना बांधा. मी बांधला नव्हता. हायवेवर एकदा करकचून ब्रेक मारला आणि बॉक्स मागच्या सीटच्या पाठीवर आदळला. सीटवर कोणी नव्हतं म्हणून ठीक. बाबांनी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन पट्टा आणला.