उद्यानातील विनाशुल्क व्यायामशाळा

व्यापारी कुटुंबांतील कर्त्या मंडळींचा दिवस बहुतांशी पेढीवर बसून जातो. पहाटे उद्यानात फेरफटका मारण्याची सवय अनेकांनी लावून घेतली आहे, ती स्तुत्यच होय. तथापि चालण्याने हृदयाला व श्वासाला लाभ होतो. खांदे, पाठ व दंड यांचे बळ त्याने फारसे वाढत नाही. वय वाढते तसे स्नायू झिजू लागतात आणि साठीनंतर गादीवरून उठताना हाताचा आधार शोधावा लागतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमांसोबत दोन दिवस स्नायुबळाचा व्यायामही सुचविला.

त्यासाठी महागड्या जिमची वर्गणी भरलीच पाहिजे असे नाही. मुंबई-पुण्यातील अनेक उद्यानांत विनामूल्य खुल्या व्यायामशाळा आहेत. तेथील हलती यंत्रे सांधे मोकळे करतात. परंतु त्यांपैकी अनेकांवर भार वाढविण्याची सोय नसते. सिंगल बार व डबल बार यांवर मात्र स्वतःचे शरीर हेच वजन ठरते. जोर, बैठका आणि मल्लखांब यांचेही तत्त्व हेच. युरोपातही १९६८ साली झुरिकच्या वनराईत ठिकठिकाणी थांबून व्यायाम करण्याची मोफत वाट आखली गेली आणि ती कल्पना पुढे अन्यत्र पसरली.

प्रारंभ बेताने करावा. बाकाच्या पाठीवर हात टेकून तिरके जोर काढावेत. बाकावर बसून, हात न टेकता, आठ-दहा वेळा उठावे. पाय जमिनीला टेकलेले ठेवून दांडी काही क्षण धरावी. हे सुलभ झाले की जोरांसाठी ठेंगणी पायरी निवडावी, नंतर जमीन. शरीर जितके आडवे, तितका हातांवरील भार अधिक. दोन सत्रांमध्ये एक दिवस विश्रांती असावी. रक्तदाब, हृदयविकार वा सांध्यांचे दुखणे असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दांडी ओली वा सैल असल्यास तिला लोंबकळू नये.

रविवारी सहकुटुंब उद्यानात जावे. आजी-आजोबांनी बाक निवडावा, मुला-सुनेने डबल बार आणि नातवंडांनी दांडी. पेढी पुढच्या पिढीच्या हाती सोपविता येते. स्वतःचे हातपाय मात्र ज्याचे त्यालाच सांभाळावे लागतात.