तुमचं सेशन संपलंय!

फॉर्म भरता भरता वेबसाइट बाहेर का काढते? आणि लिहिलेलं जातं तरी कुठे?

मार्च महिना आला की ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी एकच विषय. अप्रेझल! वर्षभर काय काय दिवे लावले ते पोर्टलवरच्या रिकाम्या चौकोनात आपणच लिहायचं. फुशारकी वाटायला नको, पण काम तर दिसलंच पाहिजे, अशी तारेवरची कसरत. शब्द न् शब्द तोलून झाला की सबमिट दाबायचं. आणि स्क्रीनवर काय येतं? ‘तुमचं सेशन संपलं आहे. कृपया पुन्हा लॉगिन करा.’ लॉगिन करून बघावं तर चौकोन कोरा. पाटी साफ!

आमच्या टीममधल्या एकीचं हे एकाच दिवसात दोनदा झालं. पहिल्यांदा तिनं दीड पान लिहिलं होतं. तिसऱ्यांदा लिहिल्या फक्त पाच ओळी. वैतागलेल्या माणसाकडून आणखी काय निघणार? पण बॉसनं वाचल्या त्या पाच ओळीच. म्हणूनच मला हा प्रश्न नुसत्या चिडचिडीचा वाटत नाही.

मुळात हे होतं का? वेब ज्या एचटीटीपीवर चालतं तो प्रोटोकॉल जन्मापासून विसराळू आहे. ब्राउझरनं पान मागितलं, सर्व्हरनं दिलं, विषय संपला. पुढच्या क्लिकला तुम्ही त्याला पुन्हा अनोळखी. यावर तोडगा म्हणून १९९४ साली नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी कुकी आणली. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो ना, तस्सं. लॉगिन केलं की सर्व्हर तुमच्या नावाचा एक खण उघडतो आणि त्याचा नंबर कुकीत घालून ब्राउझरला देतो. हेच तुमचं सेशन. ठरावीक वेळ तुम्ही फिरकला नाहीत की सर्व्हर म्हणतो, गिऱ्हाईक गेलं. खण रिकामा! मग हातात बिल्ला असूनही उपयोग नाही.

ही वेळ ठरवतं कोण? बऱ्याचदा कोणीच नाही. एएसपी डॉट नेटमध्ये ती मुळातच २० मिनिटं असते, टॉमकॅटमध्ये ३०. पीएचपीमध्ये १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. साइट बनवणाऱ्यानं सेटिंगला हात लावला नाही तर तेच आकडे चालू राहतात. त्या पानावर दोन शब्द लिहायचेत की दोन पानं, याच्याशी त्यांचा काही संबंध नसतो.

खरी गोम पुढे आहे. तुम्ही काम करताय की नाही, हे या घड्याळाला दिसतच नाही. ब्राउझरकडून सर्व्हरला शेवटची हाक कधी गेली, एवढंच ते बघतं. आणि साध्या फॉर्ममध्ये टाइप केलेली अक्षरं सबमिट दाबेपर्यंत तुमच्याच कॉम्प्युटरवर बसून असतात. म्हणजे इकडे तुम्ही अर्धा तास डोकं खाजवून लिहिताय आणि सर्व्हरच्या लेखी तुम्ही चक्क झोपलाय! सबमिट दाबल्यावर मजकूर त्याच्या दारापर्यंत पोचतोसुद्धा. पण तो आधी बिल्ला तपासतो. बिल्ला बाद, म्हणून तुम्हाला लॉगिनकडे पिटाळतो आणि सोबत आलेला मजकूर सरळ टाकून देतो.

यात भरडला कोण जातो? भराभर खरडणारा नाही. विचार करून लिहिणारा. माझे बाबा मराठी एका बोटानं टाइप करतात. नळाला पाणी येत नाही, एवढी तक्रार ऑनलाइन लिहायला त्यांना पाऊण तास लागतो. हे घड्याळ त्यांना कधी जिंकू देणार?

मग टाइमआउट काढूनच टाकायचा? नको रे बाबा! सायबर कॅफेत मेल उघडा ठेवून उठलं की काय व्हायचं ते आठवा. आजही ऑफिसात उघड्या लॅपटॉपवर कोणीही बसू शकतं. वेबसुरक्षेवर काम करणारी ओवॅस्प ही संस्था जोखमीच्या साइटसाठी २ ते ५ मिनिटं आणि कमी जोखमीच्या साइटसाठी १५ ते ३० मिनिटं सुचवते. बँकेनं पटकन दार लावलं तर ते आपल्याच भल्याचं. पण दार लावणं वेगळं आणि आतलं सामान फेकणं वेगळं!

आणि याची उत्तरं कधीच लिहून ठेवलेली आहेत. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं २००८ मध्येच सांगितलं की वेळ संपण्याआधी सूचना द्या, मुदत वाढवायला किमान २० सेकंद द्या आणि साध्या एका कृतीनं ती किमान १० वेळा वाढवता येऊ द्या. त्याच नियमावलीच्या सर्वांत कडक पातळीवर आणखी एक अट आहे. पुन्हा लॉगिन केल्यावर माणसाचं काम होतं तिथूनच सुरू झालं पाहिजे. हे नियम अपंग व्यक्तींचा विचार करून केले, पण सोय सगळ्यांचीच होते.

तोवर आपण काय करायचं?

• मोठा मजकूर वर्डमध्ये किंवा नोटपॅडमध्ये लिहा, मग पेस्ट करा.
• सबमिट दाबण्याआधी चौकोनात क्लिक करून कंट्रोल ए, कंट्रोल सी. दोन सेकंदांचं काम!
• ‘सेव्ह ड्राफ्ट’ असेल तर अधूनमधून दाबत राहा. मजकूर जपला जातो आणि घड्याळही पुन्हा शून्यावर येतं.
• लॉगिनचं पान दिसलं तर घाबरून टॅब बंद करू नका. आधी बॅक बटण दाबून बघा. कधी कधी मजकूर तसाच सापडतो.

आणि हो, तुमच्यापैकी कितीतरी जण असे फॉर्म बनवणाऱ्या कंपन्यांतच काम करतात. पुढच्या मीटिंगमध्ये एवढंच विचारा, ‘लॉगिन संपलं तर माणसानं लिहिलेल्याचं काय होतं?’ टेबलाभोवती सगळे गप्प बसले, तर पुढच्या रिलीजचं पहिलं काम मिळालंच म्हणून समजा.