पहिली रोड बाईक: पैसा कुठे ओतायचा, कुठे वाचवायचा

आधी एक गंमत. आंतरराष्ट्रीय शर्यतीत 6.8 किलोपेक्षा हलकी सायकल चालतच नाही! जागतिक सायकलिंग महासंघ, म्हणजे यूसीआय, याने 2000 साली हा नियम घातला. त्यामुळे सायकल फारच हलकी झाली, तर संघांच्या मेकॅनिकना तिचं वजन मुद्दाम वाढवावं लागतं. बेल्जियमच्या एडी मर्क्सने 1972 साली मेक्सिको सिटीत एका तासात 49.431 किलोमीटर कापले, तेव्हा त्याची सायकल सहा किलोंचीही नव्हती. आजच्या नियमात ती बसलीच नसती.

तुम्हाला मात्र हा नियम लागू नाही. मग हलक्या सायकलीसाठी लाखभर जास्त मोजायचे का? हिशेब करू. तुम्ही 75 किलो, सायकल 10 किलो, एकूण 85. सायकलीचं एक किलो घटलं की ओझं सव्वा टक्क्याहूनही कमी घटतं. सिंहगडाचा चढ तुम्हाला तासाभराचा असेल, तर वाचतील जेमतेम चाळीस सेकंद. सपाट रस्त्यावर तेवढेही नाहीत, कारण तिथे खरी झुंज वाऱ्याशी असते. ताशी 30 किलोमीटरला तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि त्या हवेला सगळ्यात जास्त अडवतं ते तुमचं अंग. कोपरं वाकवून जरा खाली झुका, वेग वाढतो, आणि तोही फुकट! रोड बाईकचं वाकडं हँडल त्यासाठीच असतं. वर, ब्रेकच्या शिंगांवर आणि खालच्या वळणात अशा तीन ठिकाणी हात ठेवता येतात. लांबच्या पल्ल्यात हातांना, पाठीला ही अदलाबदल फार सुखाची वाटते.

म्हणूनच पहिली अट मापाची. रोड बाईक कपड्यांसारखी एस, एम, एल किंवा सेंटिमीटरच्या आकड्यांत मिळते, आणि एका कंपनीचं एम दुसरीच्या एमएवढं असेलच असं नाही. चुकीच्या मापाची दोन लाखांची सायकल घेण्यापेक्षा बरोबर मापाची पन्नास हजारांची घ्या, हे माझं ठाम मत. फ्रेम मोठी निघाली, तर मान, खांदे आणि तळहात तक्रार करतात, आणि महागडा कार्बन त्यावर काहीही करू शकत नाही. ‘हेच माप शिल्लक आहे, सीट खाली करून देतो’ असं दुकानदार म्हणाला, तर नम्रपणे नमस्कार करा आणि पुढचं दुकान गाठा.

आता गिअर. टूर द फ्रान्स 1903 साली सुरू झाली, पण चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या गिअरना तिथे 1937 पर्यंत बंदी होती! शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे दुबळ्यांची सोय वाटायची. मग चढ आला की स्वार खाली उतरायचे, मागचं चाक काढायचे आणि दुसऱ्या बाजूचं चक्र पुढे घेऊन पुन्हा बसवायचे. आपण सुदैवी. बोटाने एक टिचकी, की काम झालं.

दुकानात शिमानोची नावं मंत्रासारखी कानावर पडतील: क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, 105. ही पायरीपायरीने चढणारी घराणी आहेत. क्लॅरिसला मागे 8 चक्रं, सोराला 9, टियाग्राला 10, आणि नव्या 105 ला 12. खालच्या पायऱ्यांच्या जागी आता क्यूज नावाची नवी मालिकाही येऊ लागली आहे. जपानमधल्या साकाई शहरात 1921 साली सुरू झालेल्या या कंपनीचा साधा क्लॅरिससुद्धा नीट जुळवला, तर हजारो किलोमीटर इमानाने चालतो. पायरी चढताना गिअर हलके होतात, हाताला मऊ लागतात, पण घाट काही लहान होत नाही.

घाटासाठी खरा आकडा वेगळाच, आणि तो फारसं कुणी विचारत नाही: पुढचं सगळ्यात लहान आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र किती दातांचं? पुढे 34 आणि मागेही 34 असेल, तर पायडलच्या एका फेरीत चाकही एकदाच फिरतं आणि सायकल साधारण 2.1 मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या, तर ताशी साडेसात किलोमीटर. मागे 28 दातांचं असेल, तर त्याच वेगासाठी पायाला मिनिटाला पन्नासेक फेऱ्याच मिळतात आणि प्रत्येक फेरीला गुडघ्यावर जास्त जोर येतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ हा किताब वेगळा दिला जातो, त्यावरून वाटेतल्या बोरघाटाचा मान कळावा. राजाचे पाय नसतील, तर मागे 32 किंवा 34 दातांचं चक्र मागून घ्या.

टायर! पूर्वी 23 मिलिमीटरचे दोरीसारखे टायर म्हणजे शान असायची. आता शर्यतीतले स्वारही 28 किंवा त्याहून रुंद टायर वापरतात, कारण खडबडीत रस्त्यावर रुंद टायर कमी हवेत कमी उसळतो आणि ताकद वाया जाऊ देत नाही. आपल्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांसाठी 28 हे किमान समजा. फ्रेममध्ये 32 चा टायर मावतो का, हे विकत घेण्याआधीच विचारा, कारण ही जागा नंतर वाढवून मिळत नाही.

रोड बाईकच्या ट्यूबला बहुधा बारीक, उंच प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. हवा भरण्याआधी त्याच्या टोकाची चिमुकली चकती सैल करावी लागते, आणि रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याचा पाइप त्याला बसत नाही. पितळेचा एक इवलासा अडॅप्टर खिशात असला, की कुठल्याही गावात हवा मिळते. दुसरी चिमुकली वस्तू म्हणजे हँगर. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग, ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो, तो बहुतेक सायकलींवर मुद्दाम नरम बनवलेला असतो. सायकल आडवी पडली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी, म्हणून. पण तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा. सायकलीबरोबरच एक जादा घेऊन ठेवा, नाहीतर एवढ्याशा तुकड्यासाठी सायकल आठवडाभर उभी राहू शकते.

आणि हो, महाग सायकली बऱ्याचदा पायडलशिवायच विकल्या जातात! गाडी चोरीला गेल्यासारखं तोंड करू नका, तशीच रीत आहे. पायडल स्वतः बसवताना एवढं लक्षात ठेवा: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात.

आता खर्च. साधारण अंदाज असा: तीस-चाळीस हजारांत कामचलाऊ सुरुवात, पन्नास ते नव्वद हजारांत अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, क्लॅरिस किंवा सोरा आणि बहुतेकदा पुढे कार्बनचा चिमटा. पुढे 105 पाहिजे म्हटलं, की दीड लाखाच्या घरात जावं लागतं. वरच्या टोकाला दहा लाखही कमी पडतात. एक गोड बातमी: सायकलींवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे.

ठरवलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा मात्र सायकलीला हात लावू देऊ नका. त्यात हेल्मेट, पुढचे-मागचे दिवे, गादीची चड्डी, पंप, दोन ट्यूब आणि पंक्चरचं साहित्य येतं. ब्रेवेची, म्हणजे 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करण्याची इच्छा असेल, तर हेल्मेट सक्तीचंच. गादीच्या चड्डीवर कंजुसी करू नका. पहिल्याच शंभर किलोमीटरला तिची किंमत वसूल होते.

वापरलेली सायकल घ्यावी का? जरूर! हौसेने घेतलेल्या आणि दाराआड उभ्या राहिलेल्या चांगल्या सायकली पुण्या-मुंबईत नेहमी विकायला असतात. फक्त कार्बन फ्रेमवर तडा नाही ना, चेन ताणलेली नाही ना, हे जाणत्या माणसाला दाखवून घ्या.

तरी पैसे कमी पडतात असं वाटलं, तर मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा यांची आठवण ठेवा. 1923 च्या ऑक्टोबरमध्ये ते मुंबईहून निघाले आणि 1928 च्या मार्चमध्ये, जगाला चक्कर मारून, सायकलवरच परतले. ना कार्बन, ना इलेक्ट्रॉनिक गिअर.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे. पहिल्या रोड बाईकसाठी साठ-सत्तर हजारांची अ‍ॅल्युमिनियमची, 28 च्या टायरची, मागे 32 दात असलेली सायकल घ्या. दुकानात गेल्यावर आधी तुमचं माप घ्यायला सांगा, वीस मिनिटं चालवून बघा, आणि मगच किमतीचं बोला.