स्वस्त श्रम आणि कामगाराची प्रतिष्ठा : कॅथोलिक सामाजिक शिकवणुकीच्या प्रकाशात

प्रस्तावना :
जागतिकीकरणाच्या प्रक्रियेत वस्त्रोद्योग स्वस्त मजुरीच्या देशांकडे वळला. बांगलादेश, कंबोडिया, भारत आदी देशांत शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेच्या बाजारपेठेत विकले जातात. कामगार हे काम स्वेच्छेने स्वीकारतो, असा युक्तिवाद या व्यवस्थेच्या समर्थनार्थ केला जातो. प्रस्तुत लेखात या स्वेच्छेचे स्वरूप कॅथोलिक सामाजिक शिकवण व भारतीय संविधान यांच्या आधारे तपासले आहे.

राणा प्लाझा दुर्घटना :
२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१३४ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. आदल्या दिवशीच भिंतींना तडे गेले होते. इमारतीतील बँक व दुकाने बंद ठेवण्यात आली; शिवणकाम करणाऱ्या कामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आले. पगार बुडण्याच्या भीतीने ते आत गेले. १ मे २०१३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तेथील तुटपुंज्या वेतनाचा उल्लेख करून अशा कामाची गणना गुलामगिरीत केली.

कॅथोलिक सामाजिक शिकवण :
पोप तेरावे लिओ यांचे 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक १५ मे १८९१ रोजी प्रसिद्ध झाले. करारापेक्षा नैसर्गिक न्याय श्रेष्ठ असून, अधिक मोठ्या संकटाच्या भयाने कामगाराने अपुरे वेतन स्वीकारल्यास तो बळजबरीचाच बळी ठरतो, अशी भूमिका त्यात मांडली आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्सेर्सेन्स' या परिपत्रकात दोन मुद्द्यांची भर घातली. पहिला मुद्दा असा की, कामाचे मूल्य उत्पादित वस्तूवरून नव्हे, तर काम करणारा मनुष्य आहे यावरून ठरते. दुसरा मुद्दा 'अप्रत्यक्ष मालक' या संकल्पनेचा होय. वेतन देणाऱ्या प्रत्यक्ष मालकावर ज्या व्यक्ती, संस्था व धोरणे यांचा प्रभाव पडतो, त्या सर्वांवर नैतिक जबाबदारी येते.

भारतीय संदर्भ :
हा विचार केवळ एका धर्मापुरता मर्यादित नाही. १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे अनुच्छेद २३ नुसार सक्तीचे श्रम होय. कारण भूक व दारिद्र्य यांचा रेटा हीदेखील सक्तीच असते. दोन भिन्न परंपरा येथे एकाच निष्कर्षाप्रत येतात.

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी येथे १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू झाला. येथील अनेक यंत्रमागधारक 'खर्चीवाले' आहेत. व्यापारी सूत पुरवतो, खर्चीवाला ठरलेल्या दराने कापड विणून देतो, तर कामगारास मीटर व पिकाच्या हिशेबाने मजुरी मिळते. व्यापाऱ्याने दर घटवल्यास त्याचा भार अखेरीस कामगारावर पडतो. केवळ खर्चीवाल्यास दोषी ठरवून हा प्रश्न सुटत नाही. 'अप्रत्यक्ष मालक' ही संकल्पना अशा साखळीचे आकलन करून देते.

'हे काम गेले तर कामगार उपाशी राहील' हा आक्षेप गंभीर आहे. तथापि त्यातून काम टिकवण्याची गरज सिद्ध होते, अन्यायाची नव्हे. राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये परदेशी ब्रँड व कामगार संघटना यांच्यात इमारत व अग्निसुरक्षेचा बंधनकारक करार झाला. काम देशाबाहेर न हलवताही खरेदीदारावर कायदेशीर जबाबदारी टाकता येते, हे त्यावरून दिसून आले.

समारोप :
पर्यायाअभावी दिलेल्या संमतीस स्वेच्छा म्हणता येत नाही, हा उपरोक्त विवेचनाचा निष्कर्ष होय. जबाबदारीची ही साखळी ढाक्यात किंवा इचलकरंजीत संपत नाही. मुरगूडच्या आठवडी बाजारात स्वस्त सदरा घेणारा ग्राहकही तिचा एक दुवा आहे. त्याची जबाबदारी व्यापारी, ब्रँड व शासन यांच्याहून अल्प असली, तरी ती शून्य नाही.